‘ब्रो’वरचा ठराव

दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या महिला मंडळाची एक मीटिंग असते. कोणत्या दिवशी कुणाचं व्याख्यान, स्पर्धा कोणत्या, बक्षिसांचे डबे कुठून आणायचे, एवढंच तिचं काम. गेल्या साली त्यात एक विषय वाढला, ‘आपल्या मुलांची बिघडत चाललेली भाषा’. तास-सव्वा तास चर्चा झाली आणि ठराव झाला. घरात मुलांनी शुद्ध मराठीच बोलावं, ‘ब्रो’, ‘क्रिंज’, ‘सिग्मा’, ‘रेड फ्लॅग’ असले शब्द तोंडातून काढू नयेत, आणि आयांनी त्यावर लक्ष ठेवावं. ठराव एकमताने मंजूर. खाली अध्यक्षा, सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्या सह्या.

मी हात वर केला होता का? केला होता. खोटं कशाला सांगू? सगळ्यांचे वर गेले, माझाही गेला. घरी आल्यावर मात्र मला त्या ठरावाचा राग यायला लागला, आणि वर गेलेल्या माझ्या हाताचा त्याहून जास्त.

आधी त्या ठरावाचीच भाषा बघा. ‘मंजूर’ हा शब्द अरबी. ‘सही’ अरबी. ‘खजिनदार’ म्हणजे अरबी शब्दाला लावलेलं फारसी शेपूट. ‘मीटिंग’ आणि ‘सेक्रेटरी’ कुठले ते सांगायला नको. शुद्ध मराठीचा ठराव शुद्ध मराठीत लिहायचा म्हटला असता तर आम्हाला तो लिहिताच आला नसता. मीटिंग संपल्यावर मंडळाच्या ग्रुपवर निरोप पडला, त्याच्या शेवटी ‘जेजे’ होतं. जय जिनेंद्र म्हणायचं, तेही दोन अक्षरांत आवरणाऱ्या आपण, आणि पोरांनी ‘ब्रो’ म्हटलं की संस्कृती बुडाली.

हा विषय उगाच निघाला नव्हता. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलगी शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी. मुलगा चांगल्या घरचा, शेतीवाडी, दुकान, स्वतःचं घर. बघायचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, दोघांनी महिनाभर फोनवर बोलून घ्यावं असं ठरलं. महिन्यानं मुलगी म्हणाली, “मम्मी, नको. तो रेड फ्लॅग आहे.” आईला काही कळेना. तिनं जावेला विचारलं, जावेनं बहिणीला, आणि चार दिवसांत तो शब्द सगळ्या गल्लीत फिरला, अर्थ सोडून. मीटिंगमध्ये कुणी मुलीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

“लग्नाच्या बोलण्यात झेंडे कुठनं आले गं बाई?” एकीनं विचारलं. “आमच्या बेळगावात झेंडा म्हटला की एक तर लाल-पिवळा, नाहीतर भगवा. हा नुसता लाल कुठला काढला हिनं?” सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मोबाइलनं पोरींची भाषा बिघडली आणि भाषा बिघडली की डोकं बिघडतं, असं सर्वानुमते ठरलं.

त्या मुलानं काय केलं होतं, हे एकीनंही विचारलं नाही. सव्वा तास आपण एका शब्दावर बोललो आणि त्या शब्दामागं काय आहे ते बघितलं नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

*

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य त्या दिवशी निदान दहा वेळा ऐकलं. नव्हतं कसं? मैत्रिणींनो, आठवून बघा. मी आणि माझी मावसबहीण शाळेत असताना ‘च’ची भाषा बोलत होतो. ‘पाणी’ला ‘चाणीप’, ‘शाळा’ला ‘चाळाश’. आज्जी समोर भाकरी थापत बसलेली असायची आणि आम्ही तिच्या देखत चिंचा चोरायचा बेत करायचो. आज्जी वैतागायची, “काय बोलालैत पोरी, कळंना झालंय!” तिला कळू नये म्हणूनच ती भाषा होती. आज माझा भाचा आणि त्याचे मित्र माझ्यासमोर बोलतात आणि मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा मला आज्जी आठवते. फरक एवढाच की आज्जीनं आमच्यावर ठराव केला नव्हता.

आणि बापयांची गंमत वेगळी. व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला एक गुप्त बोली वापरत, तिला नंदभाषा म्हणत. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात तिचे आकडे नोंदवलेले आहेत. उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत, तीही एक भाषाच. आपल्या समाजात पेढ्या आणि दुकानं चालवणारे कमी नव्हते. परक्याला कळू नये असं बोलणं ही त्यांच्या धंद्याची हुशारी, आणि नातवानं तेच केलं तर तो वाया गेला, हा कुठला न्याय?

मी निपाणीहून पुण्याला कॉलेजला गेले तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात पहिल्याच रात्री म्हणाले, “मी येतो जेवून.” खोलीतल्या दोघी पोट धरधरून हसल्या. “तू मुलगा आहेस का गं?” आपल्याकडे कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत बायका सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. आई म्हणते, आज्जी म्हणायची. त्यात काही चूक आहे हे मला त्या रात्रीपर्यंत माहीतच नव्हतं. पुढचे सहा महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलत होते. वर्गात उत्तर येत असून हात वर केला नाही, कारण तोंडातून ‘मी वाचलो’ निघालं तर? शुद्ध भाषेचा चाबूक कसा लागतो ते मला ठाऊक आहे. म्हणून तो दुसऱ्याच्या पाठीवर ओढायला माझा हात वर गेला, याची लाज वाटते.

गंमत अशी की त्याच आपल्या भाषेवर आज पुण्या-मुंबईची पोरं जीव टाकतात. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि ज्या गावठी बोलण्याला हसत होते ते बोलणं एकाएकी ऐटीचं झालं. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘लय भारी’, ‘भावा’ हे सगळं कोल्हापुरातून, आपल्या शेजारच्या अंगणातून तिकडे गेलं. शब्द तोच. बोलणारा बदलला की त्याची किंमत बदलते. हे एकदा ध्यानात आलं की ‘शुद्ध’ आणि ‘बिघडलेलं’ या दोन शब्दांवरचा विश्वास उडतो.

*

आता आपल्या घरचं बोलू, कारण ठराव जैन महिला मंडळाचा आहे.

आपण सकाळी उठून जो णमोकार म्हणतो, तो कोणत्या भाषेत आहे? प्राकृतात. म्हणजे त्या काळच्या बाजारातल्या, चुलीपुढच्या, शेतातल्या माणसांच्या भाषेच्या कुळातला. विद्वानांची भाषा संस्कृत होती, ती भगवंतांना अवघड नव्हती. तरी उपदेश लोकांच्या भाषेत झाला. दिव्यध्वनीचं वर्णन आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. समवसरणात बसलेल्या प्रत्येक जीवाला तो आपापल्या भाषेत कळतो, पशुपक्ष्यांनासुद्धा. अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषा, असं पंडितजी सांगतात तेव्हा आपण हात जोडतो. मग त्या सातशेंत एक आमच्या पोरांचीही धरायला काय हरकत आहे?

संस्कृत पंडितांनी लोकांच्या बोलीला नाव काय दिलं? अपभ्रंश. म्हणजे घसरलेली, बिघडलेली. पतंजलीनं ‘गौः’ या शब्दाची लोकांनी बिघडवलेली रूपं मोजून दाखवली आहेत. आपली ‘गाय’ त्याच बिघडलेल्या गोतावळ्यातली. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी प्राकृत. राणीसुद्धा! दासी आणि नोकर तर सोडूनच द्या. म्हणजे अशुद्ध भाषा ही आधीपासून बायकांच्या वाट्याची भाषा. त्या भाषेला मान कुणी दिला, तर जैन आचार्यांनी, तिच्यात ग्रंथ लिहून. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी ‘देशीनाममाला’ रचली. संस्कृतातून ज्यांचा माग लागत नाही अशा जवळजवळ चार हजार शब्दांचा तो कोश आहे. लोक बोलतात आणि पंडित नाक मुरडतात असे शब्द एका साधूनं बसून गोळा केले. आज कुणी कॉलेजच्या कट्ट्यावरचे शब्द वहीत उतरवले तर त्याला आपण रिकामटेकडा म्हणू.

याहून जवळचं उदाहरण देते. इ. स. ७७९मध्ये जालोरला उद्योतनसूरी नावाच्या जैन आचार्यांनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका बाजारपेठेचं वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमलेत आणि प्रत्येक जण आपल्या बोलीत ओरडतो आहे. त्यात कर्नाटकातला आहे, आंध्रातला आहे आणि आपला मरहट्टाही आहे. ठेंगणा, सावळा, काटक, अभिमानी आणि भांडखोर. (शेवटचा गुण सीमाभागात आपण निष्ठेनं जपला आहे.) त्याच्या तोंडी ‘दिलं, घेतलं’ अशा अर्थाचे दोन शब्द घातले आहेत. मराठीचा जुना पुरावा म्हणून अभ्यासक ज्या शब्दांकडे बोट दाखवतात, ते असे बाजारातले आहेत. एका साधूनं कान देऊन ऐकलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आणि हा ग्रंथ नीट तपासून १९५९ साली छापला कुणी? डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे, १९०६चा जन्म, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलं. प्राकृताचे एवढे मोठे पंडित, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळला कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच श्रवणबेळगोळात गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांतले लेख कोरलेले आहेत. भगवान बाहुबलींना त्याचा त्रास झाल्याचं ऐकिवात नाही. त्रास १९५६नंतर आपल्याला झाला. राज्यं भाषेवर वाटली गेली, बेळगाव इकडे राहिलं आणि तेव्हापासून आपल्या भागात भाषा हा बोलायचा विषय राहिला नाही, मिरवणुकीचा झाला. मोर्चाला जाणाऱ्याच्या घरात मात्र ‘अक्का’ आहे, ‘अण्णा’ आहे, ताटात ‘तूप’ आहे, पानाच्या डब्यात ‘अडकित्ता’ आहे. हे सगळे शब्द कन्नडचे आपल्याला आहेर आहेत. बंगळुरूला शिकायला गेलेली आपली पोरं सुटीत येताना ‘मगा’ आणि ‘गुरू’ घेऊन येतात. आजोबांनी अण्णा आणला, नातवानं मगा आणला. दोन्ही एकाच दारातून आले.

निपाणीकरांनी तर परक्या शब्दाविषयी बोलूच नये. तंबाखू हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि ते पीकही. त्यावर पेठ उभी राहिली, वखारी उभ्या राहिल्या, हजारो बायकांची बोटं विड्या वळून काळी झाली. १९८१ साली त्या तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हमरस्ता रोखून धरला, गोळीबार झाला, माणसं गेली. आता सांगा कुणीतरी तंबाखू परका शब्द आहे म्हणून. पगार पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, बटाटाही पोर्तुगीज. चातुर्मासात ताटातून आपण बटाटा काढतो, भाषेतून नाही.

*

मग मी ठरवलं, ज्या चार शब्दांवर ठराव केला ते आधी समजून तरी घेऊ. भाच्याला बसवलं, पुतणीला बसवलं, वही घेतली. पहिल्या दिवशी दोघं हसली. तिसऱ्या दिवशी दोघं आपणहून सांगायला आली.

‘ब्रो’ म्हणजे इंग्रजी ब्रदरचं तोडलेलं रूप. इंग्रजी ब्रदर आणि संस्कृत भ्रातृ एकाच मुळातले. ‘भाऊ’ही त्या भ्रातृतूनच आला. म्हणजे ‘ब्रो’ आणि ‘भावा’ हे लांबचे चुलतभाऊ आहेत, एक साता समुद्रापलीकडे वाढला, एक कोल्हापूरच्या तालमीत. पोरगी आईलाही ‘ब्रो’ म्हणते याचं वाईट वाटून घेणाऱ्या बायकांनी आधी आपलं ‘मी आलो’ आठवावं.

‘रिझ’ म्हणजे समोरच्याला बोलण्यानं जिंकायची हातोटी. कॅरिस्मा या शब्दाचा मधला तुकडा. ऑक्सफर्डनं २०२३ साली वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देवाच्या कृपेनं मिळालेली देणगी. म्हणजे धर्माच्या भाषेतून तो कट्ट्यावर आला.

‘स्ले’ आणि ‘टी’ हे शब्द पुतणीच्या तोंडी सारखे. ‘टी’ म्हणजे चहा नव्हे, आतली खरी बातमी. (आपल्या मंडळात याची कधी टंचाई नसते.) हे शब्द न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिन समलिंगी, तृतीयपंथी लोकांच्या मेळाव्यांतून पसरले. घरच्यांनी हाकललेली ती पोरं. त्यांनी एकमेकांची ‘घरं’ केली आणि प्रत्येक घराला एक ‘आई’ असायची, जी पोटची नसून सांभाळायची. मी हे ऐकलं तेव्हा वही बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसले. आपल्या पोरी ज्या शब्दांशी खेळतात ते कुणीतरी फार सोसून घडवलेत. हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

आता ‘सिग्मा’. इथे मात्र मी भाच्याचा कान पकडला. सिग्मा, अल्फा हे शब्द पाश्चात्त्य पुरुषांच्या एका इंटरनेटवरच्या टोळक्यातून आलेत. बाई म्हणजे जिंकायची वस्तू, खरा मर्द कुणाचं ऐकत नाही, रडत नाही, बायकोला मुठीत ठेवतो, असा त्यांचा धर्म. ‘अल्फा’ची कल्पना लांडग्यांवरून उचलली. पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला. ते भांडत होते आणि त्यांतला एक वरचढ ठरत होता. पुढे डेव्हिड मेक या अभ्यासकाच्या १९७०च्या पुस्तकातून ही कल्पना जगभर गेली. आणि १९९९ साली त्यांनीच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. पुढे चालणारे दोघं म्हणजे त्या पिल्लांचे आईबाप. मी भाच्याला म्हटलं, “तुझा अल्फा शोधायला अमेरिकेला जाऊ नकोस. तो स्वयंपाकघरात पोळ्या लाटतोय.” पोरगा हसला. पण त्यानंतर ‘सिग्मा’चे व्हिडिओ त्यानं मला लपवून न बघता दाखवायला सुरुवात केली, आणि त्यावर आम्ही भांडू लागलो. ठरावानं हे झालं नसतं.

*

शेवटी ‘रेड फ्लॅग’. हा मात्र मी पोरांना विचारला नाही. त्या मुलीलाच गाठलं, बस्तीतून बाहेर पडताना. म्हटलं, “काकू म्हणून विचारतो, सांगायचं तर सांग.” तिनं चप्पल घालता घालता सांगितलं.

तो मुलगा रोज रात्री ती कुणाकुणाशी बोलली ते विचारायचा आणि फोनवरच्या यादीचं चित्र पाठवायला लावायचा. पगार कोणत्या खात्यात जमा होतो, लग्नानंतर ते खातं आमच्या आईकडे असतं, असं पहिल्याच आठवड्यात बोलला. एकदा फोन उचलला नाही म्हणून ऑफिसच्या नंबरवर फोन केला. आणि तिनं याबद्दल विचारलं तर म्हणायचा, “मी असं बोललोच नाही, तुला काहीतरी भास होतात.”

“याला रेड फ्लॅग म्हणतात काकू,” ती म्हणाली. “रेल्वेला दाखवतात तो. पुढं धोका आहे, गाडी थांबवा.”

मला एकदम तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी बायका दिसायला लागल्या. आपल्याच घरांतल्या. त्यांच्याही पोटात हेच दुखत होतं, पण त्याला शब्द नव्हता. ‘स्वभाव आहे’, ‘पुरुषाचा राग’, ‘लग्नानंतर सुधारेल’, ‘तुझ्याच डोक्यात काहीतरी भरलंय’ हे आपले शुद्ध मराठी शब्द होते. शुद्ध होते, पण ते सगळे त्याच्या बाजूचे होते. तिच्या बाजूचा एकही नव्हता.

‘तुला भास होतात’ या शेवटच्या प्रकारालाही आता शब्द आहे, गॅसलाइटिंग. १९३८ साली लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ नावाचं नाटक आलं, पुढे त्याचा सिनेमा झाला. घरातले गॅसचे दिवे मंद होतात आणि नवरा बायकोला पटवत राहतो की तुझंच डोकं फिरलंय. ती स्वतःला वेडी समजायला लागते. आपल्याकडे हे नाटक घरोघर चाललं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं बळ येतं. डॉक्टरकडे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

आणि आपण त्या मुलीचा तो एकच शब्द काढून घ्यायचा ठराव केला.

*

एक गोष्ट मान्य करते. मुलांना मराठी वाचता येत नाही ही काळजी खरी आहे. माझ्या पुतणीला स्तोत्र इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावं लागतं, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. पण हे ‘ब्रो’नं केलं नाही. शाळा आपण निवडली. इंग्रजी मीडियमची फी आपण भरली, पाहुण्यांसमोर पोरांकडून पोएम आपण म्हणवून घेतली. आता त्यांनी इंग्रजीचा तुकडा वापरला की मराठी मेली म्हणून गळा काढायचा! ज्यांना खरी काळजी आहे त्यांनी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पोरांना जवळ घेऊन मराठी वाचून दाखवावं. ठरावापेक्षा ते अवघड आहे, म्हणून कुणी करत नाही.

आणि भाषेची चाळणी लावायचीच असेल तर आपली आहे ना, भाषासमिती! बोलणं हित, मित आणि प्रिय असावं. ती साधूंसाठी, आपल्यासाठी सत्याणुव्रत. त्याचे पाच अतिचार पर्वात दरवर्षी वाचले जातात. त्यात ‘परभाषेचा शब्द बोलणं’ कुठेही नाही. ‘रहोभ्याख्यान’ मात्र आहे, दुसऱ्याची एकांतातली गोष्ट चारचौघांत उघडी करणं. एका मुलीनं आईला विश्वासानं सांगितलेला शब्द घेऊन आपण सव्वा तास हसलो. दोष भाषेचा झाला, हे खरं. पण तो त्या मुलीचा नव्हता.

ही चाळणी पोरांनाही लावा, मी आड येणार नाही. आपली पोरं हल्ली सर्रास ‘छपरी’ म्हणतात. रंगवलेले केस, स्वस्त गॉगल, गाडीवर तिघं, की म्हण छपरी. छपरं शाकारून पोट भरणाऱ्या छप्परबंद समाजाच्या नावाशी या शब्दाचं नातं सांगितलं जातं. नातं असो नसो, तो गरिबाला लागतो एवढं कुणालाही कळेल. त्यावर ठराव झाला नाही, कारण तो देशी वाटतो, आणि ऐकून आपल्यालाही हसू येतं. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा समोर उभा असताना आपला मुलगा तो शब्द उच्चारतो, तेव्हा कुठे जाते शुद्धता?

आणि आपलं स्वतःचं काय? ‘पांढऱ्या पायाची’, ‘वांझोटी’, ‘टाकलेली’, ‘बांगड्या भरल्यास काय’ हे सगळं अस्सल मराठी आहे. जातींची नावं शिवीसारखी वापरणंही मराठीच, ती इथं लिहायची नाहीत. आपल्या भागात पुरुष प्रेमानं हाक मारतानाही आईवरून, बहिणीवरून मारतात आणि आपण चहाचे कप घेऊन शेजारून निघून जातो. या शब्दांनी किती जणींचं जगणं पोळलं. त्यांवर शंभर वर्षांत एखादा ठराव तरी झाला का?

म्हणून यंदाच्या मीटिंगमध्ये मी नवा ठराव मांडणार आहे. वर सांगितलेले शब्द आधी आपण, मोठ्या बायकांनी, सोडायचे. घरातल्या पुरुषांना आई-बहिणीवरून बोलू द्यायचं नाही, मग तो सासरा असो की मुलगा. पोरांचा शब्द कळला नाही तर आधी अर्थ विचारायचा, मग रागवायचं. आणि एखादी मुलगी ‘रेड फ्लॅग’ म्हणाली तर पहिला प्रश्न ‘म्हणजे काय गं झालं?’ हाच.

अनुमोदन मिळेल की नाही सांगता येत नाही. क्षमावाणीच्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले होते. त्या दिवशी आपण सगळ्यांचीच क्षमा मागतो, न दुखावलेल्यांचीही. मी मात्र नेमकं सांगून मागितली. त्या मीटिंगमध्ये मी हसलो होतो, हातही वर केला होता, असं तिच्या आईसमोर म्हणाले. तिच्या आईनं मान खाली घातली. मुलीनं सरबत आणून दिलं आणि म्हणाली, “चिल काकू.”

मला अर्थ कळला.